दादीच्या घराची राखण

"हा डबा रात्रभर का घुरघुरतो? आत कोण आहे?" अम्मीने हे पहिल्यांदा विचारलं ते एप्रिल २०२० मध्ये. टाळेबंदी होती, रमजान सुरू झाला होता, मशिदी बंद होत्या आणि तरावीह घरातल्या घरात चालली होती. चिपळूणच्या आमच्या घरात, तळमजल्यावरच्या कपाटाशेजारी एक जुना कॉम्प्युटर ठेवला होता. त्याला पडदा नव्हता, कीबोर्ड नव्हता. फक्त एक पंखा फिरत होता आणि एक हिरवा दिवा लुकलुकत होता.

आत कोण होतं? आमचे भाचे आणि पुतणे होते. एक कुवेतला, दोन मस्कतला, एक दोह्याला, तिघं मुंब्र्यात आणि दोघी पुण्यात, कोंढव्यात. विमानं बंद, शाळा बंद, ईदला कुणी गावी येईल अशी आशा नाही. ही सगळी मुलं संध्याकाळी माइनक्राफ्ट नावाच्या खेळात एकत्र जमत. त्या खेळात चौकोनी ठोकळ्यांचं एक जग असतं. ठोकळे फोडायचे, रचायचे, घरं बांधायची. ते जग कुठल्या तरी एका कॉम्प्युटरवर सतत चालू ठेवावं लागतं, म्हणजे कुणीही केव्हाही आत येऊ शकतो. त्या कॉम्प्युटरला सर्व्हर म्हणतात. आमच्या कपाटाशेजारी घुरघुरणारा डबा तो हाच.

आम्ही दोघे भाऊ आहोत. एक चिपळुणात कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान चालवतो, दुसरा मस्कतला नोकरी करतो. हा लेख दोघांनी मिळून लिहिला आहे, म्हणून तो 'आम्ही'चा आहे. सर्व्हरसाठी लिनक्स कसं निवडलं, कसं जुळवलं, कुठे चुकलो, एवढंच यात सांगायचं आहे. विषय यंत्राचा आहे, पण ज्याची राखण करायची होती ते यंत्राहून जुनं होतं.

लिनक्सची आणि आमची ओळख टाळेबंदीतली नव्हे. २००४ च्या सुमारास आम्ही गावात सहा कॉम्प्युटरचा क्लास चालवत होतो. दिवसा टायपिंग आणि टॅली, रात्री मोहल्ल्यातल्या पोरांचं काउंटर-स्ट्राइक. पाच पोरं खेळत आणि सहावं यंत्र सर्व्हर होत असे. सहाही यंत्रांवर चोरीचं विंडोज होतं, कारण तेव्हा सगळ्यांकडे तेच होतं. अब्बा मराठी शाळेत मास्तर होते. एकदा क्लासमध्ये येऊन बसले आणि म्हणाले, "हे विकत घेतलंय का?" आम्ही म्हटलं, "अब्बा, हे कुणीच विकत घेत नाही." ते म्हणाले, "कुणीच घेत नाही म्हणून आपलं होतं काय?" एवढं बोलून ते उठले. पुन्हा कधी त्यांनी तो विषय काढला नाही, आणि म्हणूनच तो आमच्या डोक्यातून गेला नाही.

त्या काळात उबुंटू नावाच्या लिनक्सच्या सीडी पोस्टाने फुकट येत. इंटरनेटवर पत्ता लिहायचा, काही आठवड्यांनी पोस्टमन पाकीट आणून द्यायचा. टपालखर्चसुद्धा नाही. २००५ च्या जुलैमधल्या पुरात आमची दोन यंत्रं गेली होती. उरलेल्या चारांपैकी एकावर आम्ही ती सीडी घातली आणि तोच सर्व्हर केला. लिनक्स १९९१ मध्ये लिनस टोरवाल्ड्स या फिनलंडच्या विद्यार्थ्याने सुरू केलं, ते वापरायला, वाचायला, बदलायला आणि दुसऱ्याला द्यायला मोकळं आहे, हे सगळं आम्हाला त्या पाकिटामुळे कळलं. अब्बांना सीडी दाखवली. त्यांनी उलटसुलट करून पाहिली आणि म्हणाले, "मग शिका नीट." खेळ मात्र तेव्हा चोरीचाच होता, हेही इथे कबूल केलं पाहिजे.

शिकलो ते असं. खेळाचा सर्व्हर सतत धावत नसतो. तो थोडं काम करतो, क्षणभर झोपतो, उठून पुन्हा काम करतो. त्याला किती नेमक्या वेळी जागं करायचं हे लिनक्सचा गाभा, म्हणजे कर्नल, ठरवतो. जुन्या २.४ कर्नलमध्ये साध्या कॉम्प्युटरवर घड्याळाचे ठोके सेकंदाला १०० पडत. २.६ मध्ये ते १००० झाले, आणि ऑगस्ट २००५ च्या २.६.१३ पासून ते आपल्याला ठरवता येऊ लागले. न ठरवल्यास २५०. काउंटर-स्ट्राइकचे सर्व्हर चालवणारे जगभरचे लोक तेव्हा कर्नल स्वतः बांधून ठोके १००० करत. आम्हीही केले. आमच्या त्या गरीब यंत्राला कर्नल बांधायला सारी रात्र लागली. फज्रची अजान झाली तेव्हा कुठे काम संपलं. पोरं म्हणाली, "आता गोळी बरोबर लागते." त्यात अर्धं खरं असेल आणि अर्धं रात्रभर जागल्याचं कौतुक.

एप्रिल २००७ मध्ये २.६.२१ आलं आणि त्याबरोबर कर्नलला फार बारीक वेळ मोजणारं घड्याळ मिळालं. त्यानंतर सर्व्हरसाठी ठोके वाढवण्याची गरज जवळजवळ संपली. पण तो सल्ला अजूनही एकमेकांना दिला जातो. ही गोष्ट लक्षात ठेवावी, पुढे तिचा संबंध येणार आहे.

क्लास पुढे बंद पडला. टाळेबंदीत भाच्यांनी हट्ट धरला तेव्हा हात पुन्हा त्या कामाकडे वळले. दुकानातला जुना कॉम्प्युटर घेतला, हाताशी होतं ते उबुंटू घातलं आणि केबलवाल्याकडून दरमहा थोडे जास्त पैसे देऊन स्वतंत्र आयपी पत्ता घेतला. बहुतेक घरांना असा पत्ता नसतो. शेकडो घरं एकाच पत्त्यामागे असतात आणि बाहेरच्याला आत येता येत नाही. खेळ मात्र या वेळी प्रत्येकाने विकत घ्यायचा, असं ठरलं. त्या वर्षीच्या ईदीचा मोठा भाग त्यातच गेला.

मुलांनी आधी किल्ले बांधले, मग बोगदे खणले. एक दिवस कुवेतच्या पुतण्याने विचारलं, "चाचा, दादीचं घर कसं होतं?" दादीचं, म्हणजे अब्बांच्या आईचं, खाडीकाठचं कौलारू घर पस्तीस वर्षांपूर्वी विकलं गेलं आणि पाडलंही गेलं. त्याचा एकच फोटो आहे, तोही एका निकाहातला. फोटोत माणसंच जास्त आहेत, घर मागे थोडंसं दिसतं. आम्ही दोघांनी लहानपणचं आठवून सांगितलं आणि मुलांनी ओटा, पुढची पडवी, बाव, फणस असं उभं केलं. पण माजघर आम्हाला आठवेना.

मग जून २०२१ मध्ये अब्बा स्वतः पडद्यासमोर येऊन बसले. चष्मा पुसला आणि मुलांना सांगू लागले. कणगी इथे, चूल त्या कोपऱ्यात, दादीची नमाजची जागा या भिंतीला, आणि तिच्या उजव्या हाताला खिडकी. रोज संध्याकाळी अर्धा तास. तीन देशांतली नातवंडं एकेक ठोकळा ठेवत होती. शाळेतून निवृत्त झाल्यावर अब्बा इतकं सलग बोलल्याचं आम्हाला आठवत नाही.

२२ जुलै २०२१. बकरी ईदचा दुसरा दिवस. वाशिष्ठीचं पाणी रात्रीतून शहरात शिरलं आणि सकाळपर्यंत आमचा तळमजला बुडाला. अम्मी आणि अब्बा वरच्या मजल्यावर होते, म्हणून वाचले. अल्लाहची मेहरबानी. त्या पुरात चिपळूणने जे पाहिलं त्यापुढे एका डब्याची कथा काय सांगायची! दुकान गेलं, बाजारपेठ गेली, माणसं गेली. चिखल उपसायला कित्येक दिवस लागले. त्या चिखलातून कपाट निघालं आणि डबाही निघाला.

आम्ही रोज रात्री सर्व्हरची नक्कल काढत होतो, आणि त्याचा आम्हाला अभिमानही होता. पण ती नक्कल साठत होती त्याच डब्यातल्या दुसऱ्या डिस्कवर. दोन्ही डिस्क एकाच पाण्यात बुडाल्या. खेळाची १.१७ ही आवृत्ती घालण्याआधी, १४ जूनला, मस्कतच्या लॅपटॉपवर एक प्रत सहज उतरवून घेतली होती, तेवढी उरली. तिच्यात ओटा होता, बाव होती, फणस होता. माजघर नव्हतं.

दुकानाची डागडुजी झाल्यावर त्या वर्षीच्या थंडीत सर्व्हर पुन्हा उभा करायला घेतला, तेव्हा पहिल्यांदा आम्ही नीट विचार केला. हाताशी आहे ते घालायचं नाही, निवडायचं.

पहिला प्रश्न जागेचा. आधी मुंबईतल्या डेटा सेंटरमध्ये सर्व्हरचा एक तुकडा भाड्याने घेतला. कंपनीचं नाव घेण्यात अर्थ नाही. दिवसा सगळं छान चाले, संध्याकाळी खेळ अडखळे. 'टॉप' ही आज्ञा दिली की प्रोसेसरचा वेळ कुठे जातो ते दिसतं. त्यात 'एसटी' म्हणजे चोरीला गेलेला वेळ असा एक आकडा असतो. आपण मागितलेला वेळ त्याच यंत्रावरच्या दुसऱ्या भाडेकरूला दिला गेला, असा त्याचा अर्थ. तो रात्री पंधरा-वीस टक्क्यांवर जाई. हे आपल्या बाजूने कितीही जुळवलं तरी सुटत नाही. शेवटी एका कचेरीने काढून टाकलेला, आठ जीबी मेमरीचा कॉम्प्युटर घेतला आणि तो आपाच्या घरी कोंढव्यात ठेवला. चौथा मजला. आपा म्हणाली, "इथवर पाणी आलं तर मग सर्व्हरची चिंता कुणाला राहणार?"

दुसरा प्रश्न अंतराचा. काचेच्या तारेतून प्रकाश एका मिलिसेकंदात साधारण २०० किलोमीटर जातो. मस्कत सरळ रेषेत दीड हजार किलोमीटरच्या वर आहे. म्हणजे जाऊन-येऊन पंधरा-सोळा मिलिसेकंद तर कुठल्याही जादूने वाचणार नाहीत. कुवेत त्याहून दूर. तारा सरळ जात नाहीत, त्यामुळे प्रत्यक्षात वेळ बराच जास्त लागतो. मुलं दोन्हींना 'लॅग'च म्हणतात, पण तारेतला उशीर वेगळा आणि सर्व्हरचं धापा टाकणं वेगळं. कुठला रोग आहे हे न ओळखता औषध देऊ नये, हा पहिला धडा.

तिसरा प्रश्न, कुठलं लिनक्स? लिनक्स एकच असलं तरी त्याच्या भोवती बांधलेल्या प्रणाली अनेक आहेत. सेंटॉसचं नाव सर्व्हरवाल्यांत मोठं होतं. पण डिसेंबर २०२० मध्ये जाहीर झालं, की ज्या सेंटॉस ८ ला २०२९ पर्यंत सांभाळू म्हटलं होतं, ते २०२१ अखेरच बंद होणार. त्यावर विसंबलेल्यांची धावपळ आम्ही पाहिली होती. आर्च सतत नवं होत राहतं. शिकायला उत्तम, पण पुण्यातल्या यंत्राकडे चिपळूण आणि मस्कतहून बघणाऱ्याला रोजचा बदल परवडत नाही. उबुंटूची पाच वर्षं सांभाळली जाणारी आवृत्ती चांगली होती, जुनी मैत्रीही होती. शेवटी निवडलं डेबियन. १९९३ पासून ते कुठल्याही एका कंपनीच्या मालकीचं नाही, स्वयंसेवक चालवतात. स्थिर आवृत्ती आली की ती बदलत नाही, फक्त सुरक्षेच्या दुरुस्त्या येतात. ऑगस्ट २०२१ मध्ये ११ वी आवृत्ती आली होती, ती घातली. पडद्याचा डामडौल न घेता नुसतं अक्षरांचं डेबियन घातलं की रिकाम्या यंत्रात ते दीड-दोनशे एमबी मेमरीत राहतं. बाकी सगळी खेळाला.

स्थिरपणाचीही किंमत असते. एप्रिल २०२४ मध्ये खेळाच्या १.२०.५ आवृत्तीने जावा २१ मागितलं. आमच्याकडे तोवर डेबियन १२ होतं, त्यात जावा १७ होतं. ते बाहेरून आणून घालावं लागलं आणि त्याच्या दुरुस्त्यांवर स्वतः लक्ष ठेवावं लागलं. ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या १३ व्या आवृत्तीत २१ आहे, तेव्हा ती जबाबदारी उतरली. ज्याला रोज नवं हवं त्याने डेबियन घेऊ नये, हे प्रामाणिकपणे सांगतो.

आता जुळवणीबद्दल. माइनक्राफ्टचं जग सेकंदाला २० वेळा पुढे सरकतं. म्हणजे एका पावलाला ५० मिलिसेकंद. तेवढ्यात सगळी कामं उरकली तर ठीक, नाही तर जग मंदावतं. आणि हे मुख्य काम बहुतांशी प्रोसेसरचा एकच गाभा करतो. अम्मीच्या भाषेत सांगायचं तर चार बायकांनी मिळून एक भाकरी थापता येत नाही. जिचा हात चपळ तिलाच बसवावं लागतं. म्हणून सर्व्हरसाठी गाभ्यांची संख्या मोजण्याऐवजी एका गाभ्याचा वेग बघावा.

त्या वेगावर लिनक्सचा एक कारभारी असतो, त्याला गव्हर्नर म्हणतात. तो वीज वाचवतो. आमचा सर्व्हर ५० पैकी २० मिलिसेकंद काम करी आणि ३० बसून राही. कारभाऱ्याला वाटे, काम फार नाही, आणि तो वेग उतरवी. मग वीसचं काम पस्तीसला जाई आणि गर्दी झाली की पन्नास ओलांडी. आम्ही कारभाऱ्याला 'परफॉर्मन्स' सांगितलं, म्हणजे वेग उतरवू नकोस. एका ओळीचं काम, पण फरक सगळ्यांना जाणवला. भाड्याच्या तुकड्यावर हे बहुधा आपल्या हातात नसतं.

मेमरीत आम्ही हावरटपणा केला. आठ जीबीपैकी सात जावाला दिल्या. तिसऱ्या दिवशी सर्व्हर मेला. नोंदी पाहिल्या तर कर्नलनेच मारला होता. मेमरी संपली की कर्नल सर्वांत जड प्रक्रियेचा बळी देतो, आणि सर्वांत जड आमचाच खेळ होता. जावा दिलेल्या वाट्याखेरीज वरून आणखी मेमरी घेतं, आणि डिस्कवरची माहिती हाताशी ठेवायला कर्नललाही मोकळी जागा लागते. मग चार जीबी दिल्या, कमीत कमी आणि जास्तीत जास्त आकडा सारखाच ठेवला, आणि 'स्वॅपिनेस' ६० वरून १० वर आणलं, म्हणजे कर्नल चालू खेळ डिस्कवर ढकलायची घाई करत नाही. दर काही मिनिटांनी जग डिस्कवर लिहिलं जातं तेव्हा झटका बसे. तो जुनी फिरती डिस्क काढून एसएसडी घातल्यावर थांबला.

याच उत्साहात आम्ही एक मोठी चूक केली. कुठून तरी मिळालेली नेटवर्कच्या 'सुधारणां'ची तीस-एक ओळींची यादी जशीच्या तशी घातली. त्यातल्या एका ओळीवर यंत्राने 'असं काही नाही' म्हणून सांगितलं. शोधलं तेव्हा कळलं, की तो 'टीडब्ल्यू रिसायकल' नावाचा पर्याय २०१७ मध्ये ४.१२ कर्नलमधून काढूनच टाकला आहे. एका पत्त्यामागे अनेक घरं असली की त्याने जोडण्या तुटत असत. म्हणजे आमच्या मुलांसारख्यांचंच नुकसान. तरी यादी फिरत होती, एकाकडून दुसऱ्याकडे. मदरशात लहानपणी शिकवलं होतं, की हदीस ऐकली तर आधी सनद विचारावी. कुणी सांगितलं, कुणाकडून ऐकलं, तो भरवशाचा होता का. दीनच्या बाबतीत जी शिस्त आपल्या बुजुर्गांनी इतक्या काटेकोरपणे पाळली, ती दुनियेच्या विद्येत आपण सोडून देतो. आम्ही सगळ्या ओळी काढल्या. आता नियम असा आहे : एका वेळी एकच बदल, आधी मोजायचं, नंतर मोजायचं, आणि ओळीशेजारी कारण व तारीख लिहायची. ज्या ओळीचं कारण लिहिता येत नाही ती ठेवायची नाही. आज त्या फाइलमध्ये दोनच ओळी आहेत.

नियमानंतर मोजलं, तेव्हा सर्वांत मोठा गुन्हेगार सापडला. मस्कतच्या पुतण्याने दादीच्या परसात खुराडं केलं होतं आणि अंडी फोडत फोडत कोंबड्या काहीशेवर नेल्या होत्या. सर्व्हर प्रत्येक पावलाला प्रत्येक कोंबडी कुठे वळते ते बघत होता. कोंबड्या वीसवर आणल्या आणि किती दूरचं जग दाखवायचं तो आकडा १० वरून ७ वर आणला. कर्नल, कारभारी, मेमरी, सगळ्यांनी मिळून जेवढं साधलं नव्हतं तेवढं याने साधलं. कुणी म्हणालं होतं, रिअल-टाइम कर्नल घाला. ती सोय नोव्हेंबर २०२४ च्या ६.१२ पासून मूळ लिनक्समध्येच आली आहे, आणि कारखान्यातल्या यंत्रांना ती खरोखर लागते. ५० मिलिसेकंदांच्या पावलाला तिची गरज नाही. २००५ मध्ये आम्ही कोंबड्या मोजल्या नसत्या, कर्नलच बांधला असता.

सुरक्षेचा धडा १० डिसेंबर २०२१ ला मिळाला. शुक्रवार होता. आखातात सुट्टी, म्हणजे मुलांच्या खेळाचा मुख्य दिवस. जुम्याची नमाज पढून मोबाइल उघडला तर बातमी होती, की जावाच्या नोंदी लिहिणाऱ्या 'लॉग फॉर जे' या भागात भोक सापडलं आहे आणि माइनक्राफ्टमध्ये नुसता एक संदेश टाइप करून परका माणूस सर्व्हरवर हवं ते चालवू शकतो. सर्व्हर तिथल्या तिथे बंद केला. दुरुस्त आवृत्ती १.१८.१ त्याच दिवशी आली, ती घालून मगच उघडला. आमच्याकडे फक्त यादीतल्या नावांनाच प्रवेश होता, आणि खेळ रूट म्हणून न चालवता त्याच्यासाठी काढलेल्या वेगळ्या, अधिकार नसलेल्या खात्यातून चालत होता. कुणी आत शिरलं असतं तरी ओट्यापर्यंतच आलं असतं, माजघरात नाही. ज्याने खेळाचा सर्व्हर रूटने चालवला त्याने घराची किल्ली पाहुण्याच्या हाती दिली असं समजावं.

मराठीचाही एक प्रश्न निघाला. मुलांच्या गप्पांत आम्ही देवनागरीत काही लिहिलं की सर्व्हरच्या नोंदीत नुसती प्रश्नचिन्हं येत. यंत्राची भाषा ठरवलीच नव्हती, म्हणून त्याला इंग्रजीपलीकडचं अक्षर कळत नव्हतं. लिनक्समध्ये मराठी, भारत अशी नोंद असते. ती यूटीएफ-८ सह घातली आणि प्रश्नचिन्हं गेली. तारीखसुद्धा मराठीत येऊ लागली. खेळात जोडाक्षरं नीट जुळत नाहीत, म्हणून साधे शब्द शोधून दादीच्या घरात पाट्या लावल्या : ओटा, बाव, फणस, माजघर. कुवेतच्या मुलांच्या शाळेत मराठी नाही. घरात ती बोलतात, पण वाचत नाहीत. आपण मराठी मुसलमान म्हणून सभा-संमेलनांत जे सांगतो ते पुढच्या पिढीच्या डोळ्यांखालून एवढ्या चार पाट्यांच्या रूपानेच जात असेल, तर त्या पाट्या नीट दिसायला हव्यात, असं आम्हाला वाटलं.

वेळेवरून भांडणं होत. बावेचा कठडा कुणी फोडला? एक म्हणे आठ वाजता, दुसरा नऊ, तिसरी साडेदहा. तिघंही खरं बोलत होते. कुवेतचे आठ म्हणजे मस्कतचे नऊ आणि पुण्याचे साडेदहा. म्हणून यंत्राचं घड्याळ जागतिक वेळेवर ठेवलं, निवाडा सोपा झाला. रमजानात पुण्याचा रोजा आधी सुटतो, मग मस्कतचा, मग कुवेतचा. त्या क्रमाने मुलं गप्पांत लिहीत जातात.

मोहल्ल्याच्या इमामसाहेबांनी एकदा विचारलं, "यात जुगार आहे का? मारामारी आहे का? नमाज चुकते का?" पहिल्या दोन्हींचं उत्तर सोपं होतं. पैशाचा व्यवहार नाही, आणि एकमेकांना मारण्याची सोय सर्व्हरच्या एका ओळीने बंद केलेली आहे. तिसऱ्याला आम्ही म्हटलं, "अजान तीन देशांत तीन वेळी होते, ती यंत्रात बसवता येत नाही. ते आयांवर सोपवलं आहे." इमामसाहेब हसले. म्हणाले, "आयांवर सोपवलंत ते बरं केलंत."

माजघराचं सांगायचं राहिलं. त्या थंडीत सर्व्हर उभा राहिल्यावर अब्बांना पुन्हा विनवलं. ते बसले, पण पुरानंतर थकले होते. कणगी सांगितली, चूल सांगितली, दादीची नमाजची जागा सांगितली. खिडकी मात्र या वेळी तिच्या डाव्या हाताला सांगितली. कोंढव्याच्या भाचीने हळूच म्हटलं, "नाना, मागे तुम्ही उजवीकडे सांगितली होती." अब्बा बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "सकाळचं ऊन तिच्या दुपट्ट्यावर पडायचं, एवढं पक्कं आहे. त्यावरून तुम्हीच ठरवा." २०२३ मध्ये अब्बांचा इंतकाल झाला. ऊन कुठून येई ते ठरवायला घर नाही, आणि विचारायला माणूस नाही. पहिली खिडकी आमच्या हलगर्जीपणाने पाण्यात गेली. नक्कल एकाच डब्यात ठेवू नये, हे वाक्य सगळ्यांना माहीत असतं, आम्हालाही माहीत होतं.

आता नक्कल रोज पहाटे निघते. काढण्याआधी सर्व्हरला लिहिणं थांबवायला सांगितलं जातं, नाहीतर अर्धवट प्रत निघते. एक कोंढव्यात राहते, एक चिपळूणला वरच्या मजल्यावर येते, एक मस्कतला जाते. दर महिन्याला त्यातली एक प्रत दुसऱ्या यंत्रावर उघडून पाहतो, कारण न उघडलेली नक्कल ही नक्कल नव्हे, आशा आहे.

डेबियन १३ घातलं त्या रात्री आपाकडे अम्मीही होती. यंत्र बंद झालं, घुरघुर थांबली, तशी ती उठून आली. "डबा का गप्प झाला?" आम्ही फोनवरून म्हटलं, "नवं घालतोय अम्मी, तासाभरात चालू होईल." ती तिथेच खुर्चीवर बसून राहिली. यंत्र उठल्यावर आम्ही आकडे पाहिले, वीसचे वीस होते. मग भाचीने आत जाऊन पडवी ओलांडली, माजघरात गेली आणि अम्मीला पडदा दाखवला. खिडकी डावीकडेच होती.